४०० जीएसएम घेतला तर कार्डं सरळ राहतील का?

साताऱ्याच्या एका ट्रेकर मित्राचा प्रश्न थोडक्यात असा. त्यांनी जिल्ह्यातल्या किल्ल्यांची ५४ कार्डं काढली, पोकेमॉनच्या मापाची, म्हणजे ६३ बाय ८८ मिलिमीटरची. पुढे किल्ल्याचा फोटो आणि चढाई, पाणी, तटबंदी यांचे गुण. मागे सगळ्यांना एकच नक्षी. कागद ३५० जीएसएम आर्ट कार्ड (गुळगुळीत कोटिंगचा जाड कागद), फोटोच्या बाजूला ग्लॉसी लॅमिनेशन. पहिले संच महाबळेश्वरला एका स्टॉलवर ठेवले आणि जुलैत सगळी कार्डं पन्हाळीसारखी वळली. कोपरे पांढरे पडले. वर मोबाइलचा टॉर्च लावला की पालथ्या कार्डातून किल्ला ओळखू येतो, त्यामुळे पोरं खेळताना चोरी करतात. आता ५०० संच काढायचे आहेत, तर ४०० जीएसएम घ्यावा का, असं ते विचारतात.

नको. पैसे जास्त जातील, कार्ड जाड होईल आणि तरीही वळेल. तुम्ही विचारलंय कागदाच्या वजनाबद्दल, आणि तुमची अडचण आहे दोन्ही बाजू सारख्या नसण्याची आणि पोटात आडोसा नसण्याची.

मी सांगलीत ऑफसेटच्या धंद्यात तीसएक वर्षं आहे. बेदाण्याचे बॉक्स, हळदीची पाकिटं, कॅलेंडरं, लग्नपत्रिका हे रोजचं काम. पत्त्यांची कामं त्यामानाने कमी आली, पण चुका सगळ्यात जास्त त्यातच झाल्या, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

आधी जीएसएमचा घोळ मिटवू. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. जाडी नव्हे, कडकपणा तर नव्हेच. ३०० जीएसएमचा आर्ट कार्ड पाव मिलिमीटरपेक्षा जेमतेम जास्त जाड भरतो, कारण तो ‘कॅलेंडर’ नावाच्या दाबयंत्राच्या रोलरखाली दाबून काढलेला असतो आणि वजनाचा चांगला हिस्सा दोन्ही बाजूंच्या कोटिंगचा असतो. त्याच ३०० जीएसएमचा एफबीबी, म्हणजे औषधांच्या आणि साबणाच्या खोक्यांना वापरतात तो बोर्ड, त्याच्या दीडपट जाड असतो, कारण त्याच्या पोटात फुगीर लगद्याचा थर ठेवलेला असतो. वजन तेच आणि जाडी दीडपट, म्हणून तो हाताला कडक लागतो. पण ५४ एफबीबी कार्डांची थप्पी इंचभर होईल आणि पिसायला घेतली की हातात मावणार नाही. पत्त्याचा चांगला कागद साधारण ३०० ते ३१० जीएसएमचा आणि ०.३० मिलिमीटरच्या आसपासचा असतो. म्हणजे तुम्ही आत्ताच गरजेपेक्षा जड कागद वापरताय.

बोर्डाचे थर बघायचे असतील तर लांब जायला नको. तुमच्याकडच्या कंदी पेढ्यांचा रिकामा बॉक्स घ्या आणि कोपरा हळूच तिरका फाडा. वर पांढरा, छापलेला पातळ थर. खाली रद्दीपासून केलेला करडा लगदा. तो डुप्लेक्स. खोक्याला उत्तम, पण कार्डाला नाही, कारण करड्या बाजूला छपाई मळकी दिसते आणि कडेला भुसा निघतो. आता तुमचं किल्ल्याचं एक कार्ड तसंच फाडा. आत पांढरं, बाहेर पांढरं. मग पोकेमॉनचं एखादं फाटकं कार्ड सापडलं तर त्याच्या कडेकडे निरखून बघा. बरोबर मधोमध एक बारीक काळी रेघ दिसेल. तुमच्या पोरांची चोरी ती रेघ थांबवते. तिच्याकडे पुढे येतो.

त्याआधी वाकण्याबद्दल. कागद हा धाग्यांचा असतो आणि धागा हवेतलं पाणी पितो. प्यायला की फुगतो, लांबीला फारसा नाही, जाडीला बराच. तुम्ही फोटोच्या बाजूला प्लास्टिकची फिल्म बसवली. ती पाणी पीत नाही आणि फुगत नाही. मागची बाजू उघडी. महाबळेश्वरच्या पावसात मागची बाजू पसरली, पुढची जागच्या जागी राहिली, त्यामुळे कार्ड फोटोच्या बाजूला वळलं. माझा अंदाज खरा आहे का ते तुम्हीच तपासा. तुमची कार्डं फोटो आत घेऊन वाटीसारखी वळली असतील. हीच कार्डं साताऱ्यात एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ठेवली तर बरीचशी सरळ होतील, काही तर उलटी, फोटो बाहेर काढून वळतील. तसं झालं तर दोष लॅमिनेशनवाल्याच्या हाताचा नाही, तुमच्या ऑर्डरचा आहे. कारण ‘एका बाजूला लॅमिनेशन’ हे तुम्हीच सांगितलंत, आणि लग्नपत्रिका किंवा पुस्तकाचं कव्हर करणाऱ्या प्रेसला ते रोजचंच काम. कव्हरला आतल्या पानांचा भार असतो. सुटं कार्ड त्याच्या मर्जीने वळतं.

तुम्ही एकटे नाही हो यात. अमेरिकेतल्या टॉप्स या बेसबॉल कार्डांच्या कंपनीने १९९३ मध्ये ‘फायनेस्ट’ नावाची चकचकीत धातूसारखी कार्डं आणली आणि पुढे १९९६ पासून ‘क्रोम’ आणली. एका बाजूला फिल्म, दुसऱ्या बाजूला कागद. ती कार्डं वळतात ही त्यांच्या संग्राहकांची कायमची तक्रार. पोकेमॉनची चमकती कार्डंही दमट हवेत वळतात. जागतिक कंपन्यांना जे पूर्ण आवरलेलं नाही, त्याचं साताऱ्यात एवढं मनाला लावून घेऊ नका.

ग्रेनचं कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगतो. कागद मशिनवर बनताना बहुतेक धागे एका दिशेने निजतात, त्या दिशेला ग्रेन. धागा जाडीला फुगतो म्हणजे कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने पसरतो, आणि कार्ड वळतं ते ग्रेनला समांतर अशा नळीसारखं. ग्रेन उभी असेल तर कार्ड डाव्या-उजव्या कडांनी उचललं जातं, म्हणजे वाक ६३ मिलिमीटरवर पडतो. ग्रेन आडवी असेल तर वर-खाली, ८८ मिलिमीटरवर. तेवढ्याच वाकाला लांब बाजूची कड जवळजवळ दुप्पट वर येते. मी कार्डाला उभी ग्रेन घेतो. उलट मत असलेले लोक आहेत, पिसताना आडवी ग्रेन बरी लागते असं ते म्हणतात. तो हाताचा प्रश्न आहे. पण एका संचातल्या सगळ्या कार्डांची ग्रेन एकच हवी, त्यात तडजोड नाही. प्रेसवाल्याने कागद वाचवायला चार कार्डं आडवी बसवली तर ती चार कार्डं गठ्ठ्यात डोळे मिटूनही सापडतील. ग्रेन ओळखायला तावाचा चौकोनी तुकडा कापा, एका बाजूवर ओलं बोट फिरवा. तो वळून जी नळी होईल, तिच्या लांबीच्या दिशेने ग्रेन.

आता ती काळी रेघ. खेळायच्या पत्त्यांचा चांगला कागद एकच जाड ताव नसतो. दोन पातळ कागद, मध्ये काळा किंवा निळा रंग घातलेला चिकट थर, आणि सगळं दाबून एक. बाजारात त्याला ब्लॅक कोअर, ब्लू कोअर म्हणतात. ‘मॅजिक’ या पत्त्यांच्या खेळाची कार्डं १९९३ मध्ये बेल्जियमच्या कार्टा मुंडीने छापली, त्यांच्या कडेला निळी रेघ असते. नकली कार्ड ओळखायला लोक अजूनही टॉर्च लावतात नाहीतर जिवावर उदार होऊन कार्ड फाडून रेघ शोधतात. कोअरचे फायदे दोन. उजेड आरपार जात नाही हा पहिला. दुसरा जास्त मोलाचा: दोन्हीकडे सारखा कागद आणि मध्ये चिवट थर असल्यामुळे कार्ड वाकवून सोडलं की परत सरळ होतं. आर्ट कार्ड वाकवलं की त्यावर घडीची पांढरी रेष उमटते आणि ती जात नाही.

हे इथेच बनवता येईल असं मला एकदा वाटलं होतं. दोन पातळ आर्ट पेपर, आतल्या बाजूला सलग काळा रंग छापायचा आणि चिकटवायचे. डोकं बरोबर चाललं होतं, हात चुकला. पाण्याची खळ वापरली, ती काळ्या शाईवर नीट धरेना, कागद ओला झाला, आणि वाळायला पसरलेले ताव संध्याकाळपर्यंत उडदाच्या पापडासारखे झाले. वर एका तावाची ग्रेन उभी, दुसऱ्याची आडवी. सगळी लॉट रद्दीत गेली. नंतर सावंतवाडीला गंजिफा (हाताने रंगवलेले पत्ते) बनवताना बघितल्या तेव्हा कळलं की ओल्या खळीचं काम घाईचं नाही. तिथे जुन्या पद्धतीत कापडावर चिंचोक्याची खळ, त्यावर खडूचा थर, घोटाई, मग रंग आणि वरून लाखेचं पॉलिश, आणि प्रत्येक पायरीला वाळवण. दशावतारी गंजिफेचे १२० गोल पत्ते असे होतात. कागदाच्या कोअर बोर्डात तत्त्व तेच आहे, आत चिवटपणा आणि वर गुळगुळीत कवच. पण ते तुमच्या-माझ्या प्रेसचं काम नाही. तयार कोअर बोर्ड पुण्या-मुंबईच्या कागद व्यापाऱ्याकडे मागवा. महाग पडतो आणि सुटे थोडे ताव द्यायला ते कुरकुर करतात, पण ५०० संच असतील तर तुमच्याकडे मागायला तोंड आहे.

तरी प्रत्येकाला कोअर लागतोच असं नाही. हे कार्ड कशासाठी आहे त्यावर ठरतं. नुसतं जमवून अल्बममध्ये ठेवायचं असेल तर टॉर्चशी कुणाला देणंघेणं? तिथे दोन्ही बाजूंनी कोटिंग असलेला ३०० जीएसएम आर्ट कार्ड चालतो, फक्त दोन्ही बाजूंना सारखं आवरण हवं. या प्रकारच्या कार्डांचा जन्मच मुळी साध्या पुठ्ठ्यात झाला: एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सिगारेटचं मऊ पाकीट चुरगळू नये म्हणून आत पुठ्ठा घालायचे, त्यावर मग चित्रं आली. टॉप्सची बेसबॉल कार्डं कित्येक दशकं मागून करड्या पुठ्ठ्याची होती, आणि आज तीच लोक जपतात. पांढरा शुभ्र कागद आणि कार्डावर होलोग्राम हे १९८९ मध्ये अपर डेक या दुसऱ्या कंपनीने आणलं, तेव्हा बाकीच्यांना धावावं लागलं. तुमची कार्डं मात्र खेळाची आहेत, पालथी ठेवायची आहेत. तुम्हाला कोअर हवा.

आवरणाबद्दल माझं मत जरा कडक आहे. खेळाच्या कार्डावर फिल्म लावू नये, एका बाजूला तर नाहीच. दोन्ही बाजूंना लावली तर वाक बराच आवरतो, हे खरं. पण कापल्यावर फिल्मच्या कडा उघड्या पडतात, चार दिवस पिसलं की कोपऱ्यावर सुटायला लागतात, आणि कार्ड हातात प्लास्टिकसारखं लागतं. तुमचे पांढरे कोपरे याचीच सुरुवात आहे. त्यापेक्षा पाण्यावरचं वॉर्निश, ज्याला ॲक्वस कोटिंग म्हणतात, दोन्ही बाजूंना सारखं द्या. ते पातळ असतं, लवकर वाळतं, पिवळं पडत नाही आणि कागदाला दोन्हीकडून सारखा श्वास घेऊ देतं. अडचण अशी की कोटिंग युनिट असलेलं मशीन सगळ्यांकडे नसतं. तुमच्या प्रेसकडे नसेल तर ते दोन पर्याय सुचवतील. तेलावरचं वॉर्निश: चालेल, पण पांढऱ्या भागावर कालांतराने पिवळट झाक येते. यूव्ही, म्हणजे अतिनील दिव्याखाली वाळवलेलं वॉर्निश: आरशासारखं चमकतं, पण कार्डं एकमेकांना चिकटतात आणि काठाला तडा जातो. मी यातलं पहिलं घेईन. लिनन म्हणजे कापडासारखी जाळी उठवून मिळत असेल तर दुधात साखर. त्या खळग्यांत हवा राहते म्हणून पत्ते सुळकन सरकतात.

कोटिंग म्हणजे नेमकं काय, हे मला छपाईने नाही, पुराने शिकवलं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आमच्या गोडाऊनमध्ये शिरलं. पाणी ओसरल्यावर साध्या मॅपलिथोच्या (बिनकोटिंगच्या छपाई कागदाच्या) रिमा ओल्या होत्या, पण ताव सुटत होते. आर्ट पेपरच्या रिमा मात्र वाळून विटा झाल्या होत्या, छिन्नी घालावी लागली. कारण आर्ट पेपरवरची ती गुळगुळीत साय म्हणजे खडू, चिनी माती आणि त्यांना धरून ठेवणारा चिकट पदार्थ. भिजली की ती शेजारच्या तावाला धरते. स्टॉलवर पाऊस उडालेली तुमची कार्डं एकमेकांना चिकटली असतील तर ती याच कारणाने. संच उघडा ठेवूच नका. खोक्यात भरून वरून श्रिंक फिल्म मारा, मोठ्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

तुम्ही पुढे विचारलंय की प्रतापगड, अजिंक्यतारा, सज्जनगड, वासोटा ही चार कार्डं ‘दुर्मीळ’ म्हणून चमकती करता येतील का. येतील. कंपन्या पूर्ण कार्डाला मेटपेट लावतात, म्हणजे धातूचा मुलामा दिलेली पॉलिस्टरची फिल्म बोर्डावर चिकटवलेली. तिच्यावर नेहमीची शाई वाळत नाही, कारण शोषून घ्यायला खाली कागदच नाही. यूव्ही शाई लागते. आधी पांढरी शाई छापतात आणि जिथे चमक हवी तिथेच पांढरी वगळतात. दिसायला फार सुरेख. पण पुन्हा एका बाजूला फिल्म आणि पुन्हा महाबळेश्वर! चार कार्डं गठ्ठ्यात वेगळी वळली की खेळाडूला ती न बघताच कळणार. त्याऐवजी साधा गरम फॉइल ठसा वापरा, लग्नपत्रिकेवर गणपती उठवतात तो. वासोट्याचं नाव आणि वर डोंगराची बाह्यरेषा सोनेरी करा. फॉइल थोड्याच जागेत बसलं की कार्डाचा तोल जात नाही, आणि सांगली-साताऱ्यात हे काम करणारे चांगले हात आहेत. पण मागच्या बाजूला ठशाचा उठाव येऊ देऊ नका, नाहीतर बोटाला लागतो.

कोपऱ्यांचं थोडं तुमच्या डिझाइनवरही आहे. तुमच्या कार्डाची मागची बाजू काठापर्यंत गडद जांभळी आहे. गडद रंग काठापर्यंत गेला की कड जरा झिजली तरी आतला पांढरा कागद बोंबलतो. टॉप्सने १९७१ मध्ये काळ्या काठाची बेसबॉल कार्डं काढली, ती धड अवस्थेत मिळणं मुश्किल. तुम्ही चारी बाजूंना तीनेक मिलिमीटरचा फिका काठ ठेवा. झीज लपते आणि कटिंग अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी माफ होतं. अर्थात काठ फार बारीक ठेवला तर तोच वाकड्या कटिंगची चुगली करेल. कापताना पातं नुकतं धार लावलेलं हवं, गठ्ठे लहान घ्यायचे आणि छपाईनंतर शाईला निदान एक दिवस द्यायचा. कोपरे गोल करण्याचं मशीन साधारण ३ मिलिमीटर त्रिज्येचं मागा, आणि ते पातंही बोथट नाही ना, हे पहिल्या दहा कार्डांवर नख फिरवून बघा.

हिशोबाची गंमत आता सांगतो. ६३ बाय ८८ मिलिमीटरच्या कार्डाला चारी बाजूंनी २ मिलिमीटर ब्लीड (कापून जाणारी जादा छपाई) धरला तर ६७ बाय ९२. अशी अकरा कार्डं आडवी आणि पाच ओळी लावल्या की ७३७ बाय ४६०, म्हणजे २० बाय ३० इंचाच्या तावात ५५ कार्डं बसतात, ग्रीपरला, म्हणजे ताव धरणाऱ्या मशिनच्या चिमट्याला, जागा राहून. तुमची ५४ आणि पंचावन्नावं खेळाच्या नियमांचं. एक ताव म्हणजे एक संच. सगळी कार्डं एकाच तावावर असल्यामुळे शाई, ग्रेन, आवरण सगळ्यांचं सारखं. ५०० संचांना वाया जाणारे धरून सव्वासहाशे ताव मागवा. ग्रेन उभी हवी असेल तर ती तावाच्या २० इंची बाजूला समांतर पाहिजे, हे व्यापाऱ्याला ऑर्डर देतानाच सांगा. कापून आल्यावर सांगून उपयोग नाही. आणि कागद आल्या आल्या फोडू नका, गुंडाळलेलाच दोन दिवस प्रेसच्या खोलीत राहू द्या. जूनमध्ये छापणार असाल तर हे दोनदा वाचा.

पन्नासएक संचच हवे असते तर मी डिजिटल सांगितलं असतं. पण टोनर कागदात मुरत नाही, वर पापुद्र्यासारखा बसतो आणि कापलेल्या कडेला तडकतो. नमुन्याला ठीक आहे.

ज्यांना कार्डं जपायची आहेत त्यांच्यासाठी खोक्यावर एक ओळ छापा: मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका. जुन्या फोटो अल्बममध्ये फोटो प्लास्टिकला चिकटलेले आठवतात ना, तो त्या प्लास्टिकमधून सुटणाऱ्या तेलकट पदार्थाचा प्रताप. पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घ्या, तीही स्वस्तच असतात.

पैसे भरण्याआधी दोन डमी करून घ्या: एक कोअर बोर्डाची दोन्हीकडे वॉर्निश लावून, एक तुमच्या जुन्या पद्धतीची. छापायचीही गरज नाही, कोरी चालेल. दोन्ही चार दिवस महाबळेश्वरच्या त्या स्टॉलवर ठेवा आणि मग सपाट काचेवर मांडून कडा किती उचलल्या ते मोजा. डमी घेऊन सांगलीला येणार असाल तर सोबत कंदी पेढ्यांचा बॉक्सही आणा, फाडून दाखवतो. भरलेला आणलात तर आधी तो रिकामा करावा लागेल.